येशूवर विश्वास असूनही मनातला सूड आणि हट्ट सुटत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ज्याने फसवलं त्याला धडा शिकवल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि प्रार्थना करूनही मन वळत नाही. मी सात वर्षं असाच होतो, म्हणून उत्तर देतोय.

माझं वैर सख्ख्या थोरल्या भावाशी. वडील अंथरुणाला खिळलेले असताना दादाने कागदांवर त्यांच्या सह्या घेतल्या आणि माझा वाटा बुडाला. मी एका वहीत सगळं तारीखवार लिहायचो. कोण काय बोललं, कुणादेखत बोललं. चर्च मात्र एकही रविवार चुकवला नाही. फक्त प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, सुरू झाली की एका ओळीपाशी माझा आवाज बंद व्हायचा: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ सगळे म्हणायचे आणि मी ओठ मिटून उभा. तो ‘जसे’ घशात अडकायचा. दादाचं काहीच सोडलं नसताना हे म्हणणं म्हणजे माझंही सोडू नकोस, असं देवाला सांगणंच की.

मला हलवलं ते बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्याने, म्हणजे बोधकथेने. राजा एका चाकराचं दहा हजार तलांतांचं कर्ज माफ करतो आणि तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तलांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे एकीकडे सहा कोटी दिवसांची मजुरी, दुसरीकडे शंभर दिवसांची. पण शंभर दिवसांची कमाई बुडणं हेही गरिबाला लहान नाही! येशू माझं नुकसान क्षुल्लक म्हणत नव्हता. ते खरंच होतं, आणि तरीही ते सोड म्हणत होता. ‘एवढं काय मनाला लावून घेतोस’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी मला कधीच शांत केलं नव्हतं, ते इथे झालं.

क्षमा म्हणजे अन्याय गिळून गप्प बसणं नव्हे, हेही सांगतो. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात 12व्या अध्यायाच्या शेवटी येशूचा प्रेषित पौल म्हणतो, सूड उगवू नका, ते देवावर सोडा. आणि लगेच पुढच्या अध्यायात लिहितो की वाईट करणाऱ्याला शासन करायला अधिकारी नेमलेले आहेत. म्हणून वाटणीचा दावा मी मागे घेतला नाही. दादाला लोकांत खाली मान घालायला लावायची, ही इच्छा तेवढी देवाच्या हाती दिली. एकदा नाही, रोज द्यावी लागली.

सुरुवात कुठून करावी म्हणाल, तर प्रार्थनेत त्या माणसाचं नाव घ्या. पहिले काही आठवडे मी नुसतं ‘दादा’ म्हणायचो, पुढे शब्दच यायचे नाहीत. मग त्याच्या गुडघेदुखीसाठी मागू लागलो, मग त्याच्या मुलीसाठी. कधीतरी लक्षात आलं, वहीत बरेच दिवस काही लिहिलेलंच नाही.

एका रात्री मीच फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग दादा म्हणाला, “जेवलास का?” मी “हो” म्हटलं, आणि आम्ही दोघंही तसेच फोन धरून बसलो.