व्हिडिओ प्रॉडक्शनमध्ये काम मिळतं पण टिकत नाही. कॅमेरा बदलू की लाइनच बदलू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन वर्षं एकट्याने शूट आणि एडिट करताय, एक महिना झोपायला वेळ नाही आणि पुढचे दोन महिने फोन वाजत नाही. आता हप्त्यावर नवा कॅमेरा घ्यावा म्हणजे मोठी कामं येतील असं वाटतंय, आणि दुसरीकडे एआय सगळं खाऊन टाकेल म्हणून लाइनच सोडावी असंही मनात येतंय.

माझं मत विचाराल तर इतक्यात दोन्ही नको. का ते सांगते, थोडं लांबण लागेल.

मी या धंद्यात आले तेव्हा मिनीडीव्ही टेपवर काम चालायचं. एक टेप ६० मिनिटांची, आणि ती कॉम्प्युटरवर उतरवायलाही तेवढीच ६० मिनिटं लागायची, कारण टेप वाजवूनच आत घ्यावी लागे. मी कर्ज काढून खांद्यावरचा मोठा कॅमेरा घेतला. तो दिसायलाच असा दणदणीत होता की शूटला गेलं की लोक बाजूला सरकून जागा द्यायचे. २००८ मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला. मुळात फोटोचा कॅमेरा, पण व्हिडिओ असा द्यायचा की मागचं सगळं मऊ धूसर आणि माणूस तेवढा कापून काढल्यासारखा स्वच्छ. बघता बघता क्लायंट विचारायला लागले, "ते मागचं ब्लर होतं ना, तसं होईल का?" माझ्या कॅमेऱ्यात ते तितकं व्हायचं नाही आणि हप्ते मात्र बरेच शिल्लक होते. पुढे २०११ मध्ये फायनल कट या एडिटिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि ती जुने प्रोजेक्ट उघडेचना. ज्यांची सगळी हुशारी त्या एका सॉफ्टवेअरच्या शॉर्टकटमध्ये होती ते महिनाभर नुसते बडबडत होते. मीही त्यांतलीच.

तेव्हा कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर ज्याच्या कमाईचा पाया असतो, त्याचा पाया दर चार-पाच वर्षांनी कोणीतरी दुसराच उकरतो. त्या काळात माझी जी कामं टिकली, त्यांतल्या एकाही क्लायंटला मी कशावर शूट करते हे माहीत नव्हतं.

आता हिशोब. हा भाग कंटाळवाणा आहे, पण तुमची खरी गळती इथेच असावी असा माझा अंदाज आहे.

वर्षाचे दिवस ३६५. आठवड्याच्या सुट्ट्यांचे १०४ काढा. (शनिवार-रविवारी शूट असतं हे मलाही माहीत आहे, पण मग सोमवार-मंगळवार तरी घ्यायचेच.) आजारपण, घरची कामं, सण-समारंभ मिळून २० धरा. उरले साधारण २४०. यांतले किती दिवस तुम्ही खरोखर विकता? कोटेशन बनवणं, मीटिंगा, लोकेशन बघून येणं, पैशांसाठी फोन करत बसणं, हार्ड डिस्का लावणं, नवीन काही शिकणं, याचे पैसे कोणी देत नाही. मी एक वर्ष वहीत रोज लिहून ठेवलं तेव्हा माझे विकलेले दिवस निघाले ११२. म्हणजे घरखर्च, सामानाची झीज, कर, आणि दोन रिकाम्या महिन्यांची तरतूद, या सगळ्याला ११२ ने भागायचं तेव्हा कुठे एका दिवसाचा खरा दर हाती येतो. मी तोवर मनातल्या मनात ३०० ने भागत होते. म्हणून कामाने मान मोडायची आणि खात्यात काही दिसायचं नाही.

त्यात आणखी एक भोक. मी पैसे शूटच्या दिवसाचे लावायचे आणि एडिट जवळजवळ फुकट द्यायचे. एका दिवसाच्या मुलाखतीच्या शूटमागे माझे तीन-चार दिवस एडिटला जातात: ऐकून बाइट (बोलण्यातले वापरायचे तुकडे) निवडणं, जोडणं, बी-रोल (बोलण्यावर दाखवायची इतर दृश्यं) बसवणं, आवाज साफ करणं, रंग. ते क्लायंटला दिसत नाहीत, म्हणून कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहिल्याशिवाय त्याला कळतही नाहीत.

मग करेक्शन. "फायनल", "फायनल २", "फायनल खरंच", "फायनल सरांनी पाहिलेलं" अशा नावांच्या फाइली तुमच्याकडेही असतील. माझा उच्चांक अकराव्या व्हर्जनचा आहे. झालं होतं काय, की ज्या बाईंशी मी बोलत होते त्यांनी सहा वेळा बदल सुचवले, मी केले, आणि सातव्या वेळी फिल्म त्यांच्या साहेबांनी पहिल्यांदा बघितली. त्यांना सुरुवातच आवडली नाही. चूक कोणाची म्हणाल तर माझी, कारण शेवटचा शब्द कोणाचा हे मी आधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून कोटेशनच्या खाली चार गोष्टी लिहिलेल्या असतात: मंजुरी कोण देणार त्या व्यक्तीचं नाव, करेक्शनच्या २ फेऱ्या, प्रत्येक फेरीतले बदल टाइमकोडसकट (फिल्ममध्ये नेमक्या कितव्या मिनिट-सेकंदाला) एकाच यादीत, आणि तिसऱ्या फेरीपासून दिवसाप्रमाणे पैसे. तिसऱ्या फेरीचे पैसे मी क्वचितच घेतले असतील. ती ओळ वाचूनच लोक आपापसांत आधी ठरवून येतात.

पैशांचं मी ५०-३०-२० करते. निम्मे तारीख पक्की करताना, ३० टक्के रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, दाखवल्यावर, आणि उरलेले २० टक्के वॉटरमार्क नसलेली फाइल हातात देण्याआधी. अ‍ॅडव्हान्स मागायला लाज वाटते, मलाही वाटायची. पण अ‍ॅडव्हान्स न देणाऱ्याने बॅलन्स वेळेवर दिला असं माझ्या बाबतीत फारच कमी वेळा झालं आहे. शूटचं मूळ फुटेज द्यायचं की नाही, फिल्म कुठे आणि किती काळ वापरणार, हेही त्याच कागदावर असू द्या. एकदा लिहून ठेवलं की पुढच्या वेळी कॉपी-पेस्टच आहे.

हे झालं पैसे गळू न देण्याचं. पण दुसऱ्यांदा फोन का येतो?

एक मुलाखत सांगते. बंद खोली, समोर खुर्चीत एक डॉक्टर, गळ्यात ओढणी, लेपल माइक ओढणीच्या कडेला. कॅमेऱ्यात सगळं सुंदर. हेडफोनमध्ये मात्र त्यांनी मान हलवली की खसखस, आणि त्यामागे एसीची घरघर. डॉक्टर रंगात येऊन बोलत होत्या आणि त्यांना थांबवायचं माझ्या जिवावर आलं होतं. तरी थांबवलं. माइक काढून कुर्त्याच्या पट्टीवर लावला, वायरीला आतून छोटा वळसा देऊन टेपने चिकटवला म्हणजे ओढ बसली तरी माइकपर्यंत पोचत नाही, एसी बंद केला, आणि त्यांना ते पहिलं उत्तर पुन्हा सांगायची विनंती केली. शेवटी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवून खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड केली. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये कोरी जागा सोडली की कानाला खड्डा पडल्यासारखं वाटतं, तो या तुकड्याने बुजवता येतो. तिथे उभ्या असलेल्यांना हे सगळं नाटक वाटलं असणार. पण त्या फिल्मचा एडिटर दुसराच होता, आणि त्याने पुढे सलग चार वर्षं मला कामं दिली. माझ्या फ्रेमबद्दल तो एक शब्दही बोलला नव्हता.

उलट्या बाजूचाही किस्सा सांगायला हवा. एका दोन दिवसांच्या शूटमध्ये दुसऱ्या सकाळी मी घाईत चुकीचं कार्ड फॉरमॅट केलं. नुसतं फॉरमॅट होऊन थांबलं असतं तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंचसं परत आलं असतं, पण मी त्याच कार्डावर पुढे वीस मिनिटं शूटही केलं. आदल्या दिवसाच्या दोन मुलाखती गेल्या. दुसरी कॉपी नव्हती. पोटात गोळा आला, पण त्याच संध्याकाळी क्लायंटला फोन करून जसं झालं तसं सांगितलं आणि माझ्या खर्चाने पुन्हा शूट करून दिलं. तो क्लायंट अजून माझ्याकडे आहे. आठवडाभर लपवलं असतं तर नसता.

त्यानंतरची माझी सवय: भरलेलं कार्ड पाकिटात उलटं, लेबल आत. उलटं दिसलं की ते भरलेलं, कॅमेऱ्यात घालायचं नाही. घरी आल्यावर तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक वेगळ्या जागी. तिन्ही उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट डेटा) शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात, ४०० ला १८० जीबी. म्हणजे डिस्कचा खर्चही कोटेशनमध्ये आलाच.

कामं कोणती धरावीत, यावर माझं मत ऐकून तुम्ही नाक मुरडाल. कंटाळवाणी धरा. माझ्या घराचा खर्च गेली कित्येक वर्षं मुख्यतः यंत्रं चालवायला शिकवणाऱ्या व्हिडिओंवर निघतो. मॉडेल बदललं की नवा व्हिडिओ लागतो, नवीन कामगार आले की दुसऱ्या भाषेत लागतो. त्यांना दर वेळी नवीन माणूस आणून 'हा व्हॉल्व्ह आधी, तो नंतर' हे पहिल्यापासून समजावण्यात रस नसतो, कारण मला ते माहीत झालेलं असतं. असा एखादा विषय, ज्याची भाषा तुम्हाला कळते आणि ज्याच्या फिल्मा जुन्या होत राहतात, तो शोधा. म्युझिक व्हिडिओ, शॉर्ट फिल्म जरूर करा, मीही करते, पण त्यावर हप्ते टाकू नका. आणि एकच क्लायंट कितीही गोड असला तरी वर्षाच्या कमाईत त्याचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जायला लागला की दुसरीकडे फोन फिरवायला लागायचं.

एआयबद्दल. सबटायटल लिहून देण्याचे पैसे मला आधी मिळायचे, ते गेले. आवाजातला गोंगाट काढणं, मुलाखतीचा मजकूर वाचून रफ कट लावणं, हेही आता पटकन होतं. मी सगळं वापरते. ज्यांचं काम एवढंच होतं त्यांच्यावर गदा आली आहे, यात खोटं काही नाही. पण कॅमेऱ्यासमोर घशाला कोरड पडलेल्या माणसाशी पाच मिनिटं इकडचं-तिकडचं बोलून त्याला मोकळं करणं, आणि 'तुम्हाला फिल्म नकोय, एक चांगला फोटो आणि एक पान पुरेल' असं क्लायंटला तोंडावर सांगणं, हे अजून माझ्याच गळ्यात आहे.

शरीराकडेही बघा. बारा तासांच्या शूटनंतर रात्री गाडी चालवत घरी यायचं मी बंद केलंय, तिथेच मुक्काम आणि तो खर्च बिलात. खांद्याने एकदा चार महिने घरी बसवलं, तेव्हा अक्कल आली.

आता तुमचा कॅमेरा. माझा ट्रायपॉड या धंद्यातल्या दुसऱ्या वर्षी घेतलेला आहे, अजून चालतो. माइक आणि लाइटही वर्षानुवर्षं टिकतात. त्याच काळात कॅमेरा बॉड्या पाच बदलल्या. त्यामुळे खरेदीचा क्रम तसाच ठेवा: जे टिकतं ते आधी विकत, जे लवकर शिळं होतं ते होईल तितकं भाड्याने. जुना घ्यायचा झाला तर सलग रेकॉर्डिंग किती वेळ चालतं ते तपासा. बरेच जुने फोटो-कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतात. युरोपात सलग ३० मिनिटं रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ कॅमेऱ्याची जकात बसायची, ती टाळायला कंपन्यांनी घातलेली ती मर्यादा. कोणाचं तरी भाषण ऐन रंगात आलेलं असताना कळायला नको.

या आठवड्यात एवढं करा. गेल्या १२ महिन्यांतली सगळी कामं एका कागदावर लिहा, प्रत्येकासमोर शूटचे दिवस, एडिटचे दिवस आणि प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम. ज्यांनी दोनदा बोलावलं त्यांच्याभोवती गोल करा. त्यांना फोन करून येत्या सहा महिन्यांत त्यांच्याकडे काय चाललंय एवढंच विचारा, काम मागू नका. आणि तुम्हाला हवाय तोच कॅमेरा पुढच्या शूटला भाड्याने आणा. कोटेशनमध्ये त्याचं भाडं वेगळ्या ओळीत लिहा आणि क्लायंट त्या ओळीचं काय करतो ते बघा. तीन-चार जणांनी ती ओळ खोडली, तर हप्ता कोणाच्या खिशातून जाणार होता हे तुम्हाला कळेलच.