वाचकांचे प्रश्न : करार झाला, काम का होत नाही?

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने एका कंपनीशी सामंजस्य करार केला. फोटो निघाले, बातमी छापून आली. वर्ष उलटलं, काम मात्र शून्य. काय चुकलं?

उत्तर : सामंजस्य करारात सहसा इच्छा लिहिलेली असते, काम नाही. त्याखाली एका प्रकल्पाचा स्वतंत्र करार करा. त्यात प्रश्न एकच आणि मोजता येईल असा घ्या. ‘पंपाची कार्यक्षमता वाढवणे’ असं मोघम नको. कोणता पंप, किती प्रवाहाला, किती टक्के, तेही लिहा. पैसे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याच्या अहवालावर. कंपनीकडून दोन माणसांची नावं घ्या. एकाची बदली झाली की प्रकल्प पोरका होतो, हे नेहमीचंच.

खरी ठिणगी पडते ती शोधनिबंधावरून. पेटंटचा अर्ज करण्याआधी निबंध छापला, तर नावीन्यच संपतं आणि पेटंट बहुधा हातचं जातं. म्हणून मसुदा कंपनीला आधी दाखवायचा, तिने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, हे कलम हवंच. पेटंटचा तात्पुरता अर्ज (प्रोव्हिजनल, म्हणजे शोधाचं प्राथमिक वर्णन देणारा) आधी भरला तर निबंध अडत नाही. पूर्ण तपशील त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावा लागतो. बौद्धिक संपदा कोणाची, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. शोध लागल्यावर कुणी उदार राहत नाही!

वेळापत्रक परीक्षा बघून आखा. कंपनी तिमाहीत मोजते, तुमचे विद्यार्थी एप्रिल-मेमध्ये पेपर लिहीत असतात.