वाऱ्याने ज्योत विझते, मग इंजिनातल्या खळबळीत पेट्रोल आणखी झपाट्याने कसं जळतं?

फुंकर मारली की मेणबत्ती विझते, मग इंजिनातली ज्योत खळबळीत का विझत नाही, असं तुम्ही विचारलंय. मेणबत्तीचं उदाहरण आधी बाजूला ठेवू. मेणबत्तीत मेणाची वाफ आणि हवा यांची भेट ज्योतीपाशीच होते. फुंकर मारली की ज्योत वातीपासून तुटते आणि संपते. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते तोवर इंधन आणि हवा बहुतेक एकजीव झालेली असतात. तिथली ज्योत एका जागी उभी नसते, ती समोरचं मिश्रण जाळत पुढे सरकते.

किती वेगाने? योग्य प्रमाणातलं, स्तब्ध मिश्रण साध्या तापमानाला पेटवलं तर ज्योत सेकंदाला साधारण ३५ ते ४० सेंमी वेगाने ते जाळत जाते. ८० मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये मधल्या स्पार्क प्लगपासून भिंतीपर्यंत ४० मिमी, म्हणजे एक दशांश सेकंद. ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्यांना) एवढ्या वेळात क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याचे, दहा फेरे होतात, आणि जळायला मिळतो जेमतेम एक षष्ठांश फेरा! दाबलेलं मिश्रण गरम असतं, जळलेला वायू फुगून ज्योतीला पुढे ढकलतो, हे सगळं धरलं तरी हिशेब जुळत नाही. उरलेलं काम टर्ब्युलन्स, म्हणजे वायूतली भोवऱ्यांची खळबळ, करतो.

व्हॉल्व्हमधून जोरात आत आलेल्या हवेचे मोठे भोवरे होतात, ते फुटून लहान होतात. मोठे भोवरे ज्योतीच्या पातळ पडद्याला चुण्या पाडतात. नऊवारीचं लांबलचक कापड निऱ्या घातल्या की वीतभर जागेत मावतं, तसा तेवढ्याच जागेत ज्योतीचा कितीतरी जास्त पृष्ठभाग मावतो. प्रत्येक तुकडा आपल्या जुन्याच संथ गतीने जळतो, पण तुकडे खूप, म्हणून एकूण मिश्रण भराभर संपतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ डामक्योलर यांनी १९४० मध्ये हा विचार मांडला, आणि अजूनही मी शिकवताना तिथूनच सुरुवात करते. अगदी लहान भोवऱ्यांचं काम वेगळं: ते ज्योतीच्या पुढच्या गरम होणाऱ्या थरात शिरून उष्णता झपाट्याने पसरवतात.

या विषयातली मला सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट पुढे आहे. सिलिंडरमधल्या खळबळीचा वेग पिस्टनच्या सरासरी वेगाच्या साधारण निम्मा असतो. आरपीएम दुप्पट केलं की खळबळ दुप्पट, आणि ज्योतही जवळपास दुप्पट वेगवान. म्हणून मिश्रण जळेपर्यंत क्रँकशाफ्ट जितके अंश फिरतो, ते फारसे बदलत नाहीत. १९१२ च्या सुमारास इंजिनांचे अभियंते डुगाल्ड क्लर्क यांनी मिश्रण आत घेऊन, लगेच न पेटवता काही वेळा नुसतं दाबून-सैलावून पाहिलं. तेवढ्यात भोवरे शमले, आणि मग ठिणगी दिल्यावर ज्वलन फारच मंदावलं.

ठिणगीनंतरचा पहिला इवलासा गोळा मात्र भोवऱ्यांपेक्षा लहान असतो. त्याला चुण्या पडत नाहीत, तो जवळजवळ शांत ज्योतीसारखा वाढतो. त्याला लागणारा वेळ आरपीएमबरोबर तितकासा घटत नाही, म्हणून वेग वाढला की टाइमिंग पुढे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी आधी द्यावी लागते.

तुमची विझण्याची शंका चुकीची नाही, ती फक्त टोकाला लागू पडते. खळबळ वाढवत नेली की ज्योतीचा वेग आधी भराभर, मग कमी-कमी वाढतो, आणि शेवटी पडदा इतका ताणला जातो की रासायनिक क्रियेतून मिळते त्यापेक्षा जास्त उष्णता निघून जाते. मग ज्योत जागोजागी तुटते. इंधन फार विरळ असेल तर हे लवकर होतं. विरळ हायड्रोजन मात्र अपवाद: त्याचे हलके रेणू ज्योतीच्या फुगवट्यांकडे चटकन धावतात, तिथे ती आणखी भडकते.

इंजिनाबाहेर हीच गोष्ट भयंकर ठरते. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमध्ये बन्सफिल्डच्या इंधनसाठ्याच्या डेपोत टाकी भरून वाहिली, पेट्रोलच्या वाफेचा ढग जमिनीलगत पसरला आणि पेटला. स्फोटाचा दाब तज्ज्ञांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. तपासात बोट गेलं ते रस्त्याकडेच्या झाडाझुडपांकडे. ज्योतीपुढे ढकलला जाणारा वायू फांद्यांमधून जाताना भोवरे करतो, भोवऱ्यांनी ज्योत वेगावते, वेगावलेली ज्योत वायूला आणखी जोरात ढकलते. मोकळ्या मैदानात तोच ढग पेटला असता तर आगीचा लोळ उठला असता, एवढा दाब तयार झाला नसता.