‘माझ्या लेकराले ते लोकं नेतीन का जी?’

ग्रामीण रुग्णालयात माझी खोली एक्स-रेच्या मागे आहे. बाहेर ‘मैत्री’ अशी पाटी, आत दोन खुर्च्या, एक पंखा आणि लोहाच्या गोळ्यांची खोकी. दहा ते एकोणीस वयाच्या पोरापोरींशी बोलायचं हे माझं काम, पण निम्म्या वेळा त्यांच्या आयाच येतात. २०२२ च्या जूनमध्ये अशीच एक आई आली. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकून झाले होते, पाऊस लांबला होता, म्हणून तिला एक दिवस मोकळा सापडला होता. तिने दार लावलं, कडी बसली का ते पाहिलं आणि उभ्यानेच विचारलं, “म्याडम, माझ्या लेकराले ते लोकं नेतीन का जी?”

‘ते लोकं’ म्हणजे किन्नर, तृतीयपंथी. पूर्व विदर्भातल्या, वैनगंगेकाठच्या या धानपट्ट्यात हा प्रश्न मी बऱ्याच जणींकडून ऐकला आहे. टोळी येते, पोराला फूस लावते, कापून टाकते आणि मग पोरगं घरचं राहत नाही, अशी ती भीती. ‘लग्न करून दिलं तर लाइनवर येईल का’ हे बाप विचारतात, ‘नेतील का’ हे आया. नावं आणि खुणा बदलून ही एक गोष्ट लिहिते आहे. जिची आहे तिने वाचून होकार दिला आहे.

तिला तारा म्हणू. वय एकोणीस, तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.चं पहिलं वर्ष. आईच्या हाती तिचा मोबाइल लागला होता. त्यात नागपूरचे फोटो होते, साडी नेसून चारपाच जणींबरोबर काढलेले. आई म्हणाली, “रविवारी कॉलेजचं काम आहे म्हणते, अन् नागपूरले जाते. रात्री कोणाशी तरी बोलते. जेवते, पन बोलत नाही घरी.”

आमच्या बोलीची एक गंमत इथे सांगायला हवी. पुण्याकडे ‘तो जातो, ती जाते’. आमच्याकडे तोही जाते आणि तीही जाते. वर ‘लेकरू’ हा शब्द तर धड तो नाही, धड ती नाही. त्यामुळे ती बाई पाऊणतास आपल्या पोटच्याबद्दल बोलली आणि तिला एकदाही मुलगा की मुलगी हे ठरवावं लागलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात तारा स्वतः आली. तिची कसरत वेगळी होती. पहिली वीस मिनिटं तिने ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवावं लागेल असं एकही वाक्य उच्चारलं नाही. ‘नागपूरला जाणं झालं’, ‘बरं वाटलं’, ‘घरी सांगितलं नाही’. हे ऐकू येतं तेव्हा मी घाई करत नाही. शेवटी मी एवढंच विचारलं, की मी तुझ्याशी कसं बोलू? ती म्हणाली, “मले तारा म्हनता का?”

नाव गावानेच दिलेलं होतं. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या याच भागात, हिवाळ्यात नाटकं होतात, वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, त्यात आता बायकाच बायकांची कामं करतात. पण गावची दंढार, म्हणजे गावकऱ्यांचं लोकनाट्य, वेगळी. तिथे अजूनही पोरंच लुगडं नेसून उभी राहतात. चौदाव्या वर्षी तिने राजा हरिश्चंद्राची राणी तारामती केली. म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले, लोकांनी बक्षिसं दिली आणि दुसऱ्या दिवसापासून चौकात ‘ए तारामती’ सुरू झालं. “रात्री टाळ्या वाजवते म्याडम, अन् सकाळी तोच आवाज निघाला का दगड मारते,” ती म्हणाली. दंढारीचं लुगडं सोडायची वेळ आली की तिला रडू यायचं. हे तिने नागपूरला तिच्यासारख्यांच्या बैठकीत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि तिथे कुणी हसलं नाही. नागपूरला ती त्यासाठी जात होती.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. किन्नरांची टोळी रस्त्यावरून पोरं उचलून नेते, असं मला माझ्या कामात एकदाही दिसलेलं नाही. मला दिसलेली पोरं घरातून निघाली होती. मार बसला म्हणून, लग्न ठरवलं म्हणून, ताटात वेगळं वाढलं म्हणून. निघाल्यावर ज्यांनी दार उघडलं त्यांच्याकडे ती राहिली. याचा अर्थ डेऱ्यात, म्हणजे किन्नरांच्या एकत्र राहण्याच्या घरात, सगळं गोड आहे असा नाही. तिथे गुरू-चेल्याचे नियम असतात, कमाईतला वाटा द्यावा लागतो, नियम मोडला तर दंड असतो, आणि कधी शस्त्रक्रियेसाठी दबावही येतो. भोंदूच्या हातून लपूनछपून केलेली कापाकापी जिवावर बेतू शकते. हे मी ताराला आईसमोरच सांगितलं. लपवलं असतं तर दोघींचाही माझ्यावरचा विश्वास गेला असता.

कायद्याने ही भीती तेव्हा उलट्या बाजूने पकडली होती, हे मला नेहमी विचित्र वाटायचं. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याच्या तेव्हाच्या कलम १८ मध्ये शिक्षा सांगितली होती ती पारलिंगी व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणाऱ्याला, सहा महिने ते दोन वर्षं. कलम १२ म्हणतं, की मूल पारलिंगी आहे एवढ्या कारणाने न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याला आईबापापासून तोडता येणार नाही. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हंजे आम्हीच काढतो, असं सरकारले वाटते?” मी गप्प बसले.

कलमांनी आईची झोप परत येत नाही. ताराच्या फोनवरचा रात्रीचा आवाज कुणाचा, ते आईला कळायला हवं होतं. ती नागपूरची एक पन्नाशीची किन्नर मावशी होती. ताराला विचारून मी मावशींना दवाखान्यात बोलावलं. त्या आल्या त्या दिवशी लसीकरण होतं, व्हरांडा बाळंतिणींनी भरलेला. मला धास्ती होती, की लोक काहीतरी बोलतील. झालं भलतंच. चिठ्ठीच्या रांगेतली एक सून उठली, बाळ मावशींच्या हातात दिलं आणि दहाची नोट पुढे केली. मावशींनी नोट परत केली. “आधी सुई टोचून आन, मंग आशीर्वाद.” रांग हसली. ताराची आई बाकावर बसून हे बघत होती.

खोलीत आल्यावर दोघी बराच वेळ धानाबद्दलच बोलल्या. कोणतं बियाणं, पाणी किती, रोवणीची रोजी काय चालू आहे. मावशींचं गावही धानाचंच होतं. मग आईने विचारलं, “तुले कोनं नेलं होतं वो?”

“कोनं नाही नेलं. पंधराची होती. बापानं मारलं, वडशाच्या स्टेशनावर गोंद्याची गाडी धरली. माय मेली तं तेराव्याच्या दिवशी फोन आला.”

“मंग माझ्या लेकराले नेशीन का?”

“न्याचं असतं तं तुझ्या गावी आली असती. दवाखान्यात कायले येतो? डिग्री होऊ दे त्याची. टाळी वाजवाले डिग्री लागत नाही, ते कवाही येते.”

मावशींनी ‘त्याची’ म्हटलं, आईच्या सोयीसाठी. ताराने मान खाली घातली, पण हसली.

बाप भेटायला यायला तयार नव्हता, म्हणून मीच आशाताईंबरोबर बांधीवर, म्हणजे त्यांच्या धानाच्या शेतावर, गेले. त्याने दोन गोष्टी आधीच करून पाहिल्या होत्या. एक मांत्रिक झाला होता आणि शहरातल्या एका डॉक्टरची ‘मर्दानगीची’ इंजेक्शनं. मी सांगितलं, की हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, हे मानसिक विकारांतून काढलेलं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असं ‘बदलून देण्याचे’ उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन असल्याचं कळवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मंग इंजेक्शनाचे पैसे वापस भेटतीन का?”

लग्नाचं मात्र त्याने जोरात काढलं. त्याची धाकटी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. मी म्हटलं, “बाबा, उद्या तिला कुणी असंच, काही न सांगता नवरा म्हणून दिलं तर?” त्याने बिडी पेटवली. माझ्यापुढे तो विषय पुन्हा निघाला नाही. घरात निघाला असेल. उत्साहाच्या भरात मी त्याला जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकचंही सांगितलं. तिथे अंजली पाटील या पारलिंगी स्त्रीचा महिला जागेवरचा अर्ज आधी फेटाळला गेला, औरंगाबाद खंडपीठाने तो मान्य करायला लावला आणि २०२१ च्या सुरुवातीला त्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या. तो म्हणाला, “ते जळगाव होय जी.” बरोबरच होतं त्याचं. दुसऱ्याच्या गावचं धाडस आपल्या चौकात कामाला येत नाही.

यानंतर मी चूक केली.

ताराला ओळख प्रमाणपत्र हवं होतं, कॉलेजच्या कागदांवर नाव बदलायचं होतं. त्या वेळच्या, म्हणजे २०२० च्या नियमांप्रमाणे राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं, वैद्यकीय तपासणी नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा जो हक्क मान्य केला होता, त्याचा हा कागदी भाग. मी तिला सहज म्हटलं, की गावच्या सेवा केंद्रात स्कॅनर आहे, तिथूनच भरून टाक. गावचं केंद्र म्हणजे गावचा चौक, हे मला कळायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत तिच्या अर्जाचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. ब्रह्मपुरीकडून धाकटीसाठी आलेली बोलणी थांबली. बाप तीन आठवडे घरात कुणाशीच बोलला नाही. ताराने रविवारचं नागपूरही बंद केलं.

सगळ्यांना दिसणं ही फार मोठी गोष्ट असते, असं आम्ही प्रशिक्षणात शिकतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात जेमतेम ४१ हजार माणसं होती. घरचा कर्ता सांगेल तेवढंच प्रगणक लिहिणार. म्हणून पुढे या, नोंद करा, असं आम्ही सांगत सुटतो. पण कुणाला, कधी, किती दिसायचं हे ठरवायचा हक्क ताराचा होता आणि मी तो तिच्या हातून काढून एका प्रिंटरवाल्याकडे दिला. मी तिच्यापुढे माफी मागितली. ती रागावली होती आणि तिने ते लपवलं नाही. “तुमी तं पाच वाजता घरी जाता म्याडम,” एवढंच म्हणाली. तेव्हापासून असे अर्ज मी माझ्याच खोलीतल्या संगणकावर भरून घेते, नेट कितीही रडलं तरी.

त्या महिन्यात तिला धरून ठेवलं ते माझ्या समुपदेशनाने नव्हे. मावशी रोज रात्री फोन करत होत्या, आता आईच्या मोबाइलवर. आणि आईचा बचत गट. आईला गटातून वगळतील ही माझी भीती होती. उलट गटाच्या अध्यक्षीण बाईंनी बैठकीत विषय स्वतःच काढला. दंढारीत तारामती पाहून रडणाऱ्या त्या पहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तवा बक्षीस देलं तं आता तोंड कायले फिरवाचं?” सगळ्या पटल्या असं नाही. दोघीतिघींनी त्या घरचं पाणी पिणं सोडलं, ते अजूनही सुरू झालेलं नाही.

प्रमाणपत्र आलं, पण कॉलेजातलं नाव बदलायला आणखी आठ महिने गेले. धाकटीचं लग्न अजून जमायचं आहे. बाप ताराला नावाने हाक मारत नाही, ‘आमचं ते’ म्हणतो. मात्र ताट आता सगळ्यांबरोबर वाढलं जातं.

२०२३ च्या जुलैत मी त्या गावावरून जात होते. चिखल करून झालेल्या बांधीत बायांची रांग वाकून रोवत होती. रोवणी बायांची, चिखल आणि पेंढ्या वाहणं माणसांचं. लहानपणी त्या रांगेत शिरली म्हणून ताराने मार खाल्ला होता. आता ती रांगेच्या टोकाला होती, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तिची रांग वाकडी जात होती. शेजारची बाई ओरडली, “सरक वो तिकडं, पाय तोडशीन माझा!”

आमच्याकडे माणसाला ‘गा’ आणि ‘बे’, बाईला ‘वो’. मी गाडी थांबवली नाही.

आठ दिवसांनी आईचा फोन आला. मला वाटलं, काही बिघडलं. तिची तक्रार होती. “म्याडम, बायांच्या रांगेत गेली तवापासून रोजी कमी भेटते तिले. माणसाईले जास्त देते. याचं काही लिहून देता येते का जी?”