खाण्याचे विकार : वजनकाट्यावर न दिसणारे गट

प्रश्न : मी कोल्हापुरात मुलींच्या एका वसतिगृहाचे काम पाहते. तीन मुलींच्या खाण्याची मला काळजी वाटते. पहिली अर्धी भाकरीही संपवत नाही आणि फार वाळली आहे. दुसरी सर्वांबरोबर व्यवस्थित जेवते, पण ताटावरून उठली की लगेच न्हाणीघरात जाऊन ओकते. तिसरी रात्री एकटीच भरमसाट खाते आणि मग दोन दिवस अंबाबाईचा उपवास म्हणून काही घेत नाही. ती ओकत नाही, म्हणून तिचा त्रास मला सौम्य वाटतो. तिघींना एकच आजार आहे असे समजायचे का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पत्रावरून निदान करणे योग्य होणार नाही, परंतु तिघींना एकाच गटात टाकू नये, हे मात्र निश्चित सांगता येते. कमी खाऊन वजन धोकादायकरीत्या घटवणाऱ्या विकाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात आणि त्याचेही दोन उपप्रकार मानले जातात : केवळ खाणे आवळणारा, आणि अधूनमधून भरमसाट खाणे किंवा उलटी-जुलाबाने अन्न बाहेर टाकणे असा. पहिल्या मुलीला चोरून ओकण्याची किंवा जुलाबाच्या गोळ्या घेण्याची सवय आहे का, हे म्हणूनच विचारावे लागते. कृश शरीरात उलट्यांमुळे पोटॅशियम घटले, तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन जीवावर बेतू शकते.

दुसरीच्या बाबतीत महत्त्वाचा प्रश्न असा, की ओकण्यापूर्वी तिचा खाण्यावरचा ताबा सुटतो का. सुटत असेल आणि वजन फार कमी नसेल, तर ते बुलिमिया नर्व्होसाकडे झुकते. जेराल्ड रसेल या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९७९ मध्ये हा विकार वेगळा करून मांडला. साधे जेवण जेवूनही ती ओकत असेल, तर तिचा गट निराळा ठरतो. तिसरी मुलगी ओकत नाही म्हणून तिचा त्रास सौम्य आहे, असे आपण पत्रात सुचवले आहे. त्याच्याशी मी सहमत नाही. भरमसाट खाऊन त्याची भरपाई उपाशी राहून करणे हाही बुलिमियाच असू शकतो. मनोविकारांच्या १९९४ च्या अमेरिकी वर्गीकरणात अशा रुग्णांसाठी बुलिमियाचा स्वतंत्र उपप्रकार होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. उपवासाविषयी मी श्रद्धेने बोलतो, पण नवरात्र संपल्यावरही जो उपवास सुटत नाही, आणि जो आदल्या रात्रीच्या खाण्याचे प्रायश्चित्त म्हणून धरला जातो, त्याची चौकशी घरच्यांनी केलीच पाहिजे.

तिघींनाही चारचौघांत न टोकता, एकेकटीला विश्वासात घेऊन बोलावे. पहिलीला चक्कर येत असेल किंवा पाळी थांबली असेल, तर दिवस न घालवता डॉक्टरांकडे न्यावे. मात्र तिला एकदम भरपूर खाऊ घालू नये, कारण दीर्घ उपासमारीनंतर अचानक वाढवलेल्या आहाराने रक्तातील फॉस्फेट घसरून प्रकृती ढासळू शकते.

प्रश्न : मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हे गट तज्ज्ञांनी चर्चेने ठरवलेले आहेत, की रुग्णांच्या माहितीतून खरोखर तसे दिसतात?
— एक वाचक, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : दोन्ही मार्ग वापरले जातात आणि त्यांची उत्तरे नेहमी जुळत नाहीत, म्हणूनच हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. ‘लेटंट क्लास ॲनालिसिस’ या संख्याशास्त्रीय पद्धतीत निदानाचे नाव बाजूला ठेवून लक्षणांचे नमुने पाहिले जातात आणि एकमेकांशी मिळतेजुळते रुग्ण एका वर्गात येतात. काही संशोधकांनी लक्षणांऐवजी स्वभाव पाहिला. २००१ मधील एका गाजलेल्या अभ्यासात तीन स्वभावगट आढळले : परिपूर्णतेचा ध्यास असलेले पण एरवी कार्यक्षम, भावना दाबून ठेवणारे, आणि भावनांवर ताबा न राहणारे. ओकणाऱ्या दोन मुलींपैकी एक परीक्षेत पहिली येणारी आणि दुसरी रागाच्या भरात स्वतःला इजा करणारी असेल, तर निदान एकच असूनही त्यांना लागणारी मदत सारखी नसते.

गट ओळखण्याच्या कामात दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की माणसे एका गटात थांबत नाहीत. बोस्टनमध्ये रुग्ण स्त्रियांचा सात वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ॲनोरेक्सिया असलेल्या निम्म्याहून अधिक जणी त्याच्या दोन उपप्रकारांमध्ये ये-जा करत होत्या आणि सुमारे एक तृतीयांश जणी बुलिमियाकडे वळल्या होत्या. म्हणून एका भेटीत लावलेला शिक्का कायमचा मानणे मला धोक्याचे वाटते.

दुसरी अडचण आपल्याला अधिक जवळची आहे. प्रश्नावल्यांत लठ्ठ होण्याची भीती हे मुख्य लक्षण धरले जाते. मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये हाँगकाँगमधील ७० रुग्णांची माहिती मांडली, तेव्हा त्यांपैकी ४१ जणांत ही भीती नव्हती. पोट फुगते, भूकच लागत नाही, अशी कारणे ते देत. आपल्याकडेही मुलगी ‘पित्त होते’, ‘अन्न अंगी लागत नाही’ असे सांगते आणि वर्षभर केवळ पोटाचे उपचार होत राहतात. पोटाचे तपास आवश्यकच आहेत, पण त्यांत काही सापडले नाही तर पुढचा प्रश्न विचारला जावा. तुम्ही प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर परदेशी प्रश्नावलीचे केवळ भाषांतर न करता, इथल्या मुली आपले न खाणे कोणत्या शब्दांत सांगतात, ते आधी ऐकून घ्यावे.

प्रश्न : माझा मुलगा तालमीत आहे. स्पर्धेपूर्वी वजनगटात बसण्यासाठी तो पाणीही तोडतो. हा विकार आहे का?
— एक पालक, गंगावेश

उत्तर : केवळ तेवढ्यावरून विकार म्हणता येणार नाही, पण पाणी तोडणे हा स्वतंत्र आणि तातडीचा धोका आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना दगावले आणि त्यानंतर तिथले नियम बदलण्यात आले. ते आजच वस्तादांच्या कानावर घालावे.

विकाराची शंका कधी घ्यावी, हे कुस्ती झाल्यानंतर कळते. स्पर्धा संपताच जो आपल्या खुराकावर परततो, त्याची गोष्ट वेगळी. पण स्पर्धा नसतानाही जो दूध-बदाम टाळतो, खाल्ल्यावर लपून ओकतो, किंवा एकदा खायला बसला की थांबूच शकत नाही आणि नंतर मध्यरात्री जोर-बैठका काढतो, त्याला मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. मुलग्यांमध्ये हे विकार उशिरा लक्षात येतात, कारण कोणी ते शोधतच नाही. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस (मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा) क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. फोन मुलाने केला नाही, तर आपण करावा.