वाचक विचारतात : पाऊस आला की अंगणातले दिवे अख्खं घर बंद पाडतात

प्रश्न : आमच्या अंगणात चार खांबांवर दिवे आहेत, केबल जमिनीतून गेलीय. खड्डा खणताना माझ्याच हातून कुदळ बसली आणि केबल तुटली. मी वायरी पिळून जोडल्या, वरून भरपूर काळी टेप मारली आणि माती ढकलून मोकळा झालो. दोन-तीन महिने दिवे मस्त चालले. आता जरा पाऊस झाला की ईएलसीबी (करंट गळला की घराचा सप्लाय तोडणारा स्विच) पडतो, आणि गंमत म्हणजे दिव्यांचं बटण बंद असलं तरी पडतो! मल्टीमीटर लावला तर त्यात काही दिसत नाही. मेहुणे म्हणतात ईएलसीबी काढ आणि डायरेक्ट करून टाक. काय करू?

उत्तर : मेहुण्यांचा मान ठेवा पण डीबीपाशी (घरातले सगळे मुख्य स्विच असतात त्या पेटीपाशी) त्यांना फिरकू देऊ नका. ईएलसीबी (हल्ली त्यावर आरसीसीबी छापलेलं असतं, आपण सगळे जुनंच नाव घेतो) बिघडलेला नाही, तो चहाडी करतोय आणि खरी चहाडी करतोय. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघतो. घरगुती ईएलसीबी साधारण 30 मिलिअँपिअरचा असतो, तेवढा करंट वाट चुकून मातीत गेला की तोडतो. तो काढला तर करंट मातीत जायचा थांबणार नाही, फक्त तुम्हाला कळायचं थांबेल, आणि मग ओल्या अंगणात अनवाणी कोणी खांबाला हात लावला की बघायलाच नको.

बटण बंद असून पडतो यातच अर्धं निदान आहे. बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल डीबीला तसाच जोडलेला राहतो. तुमच्या जॉइंटमध्ये पाणी शिरून न्यूट्रल अर्थिंगला किंवा ओल्या मातीला टेकला की घरातल्या पंख्या-फ्रिजचा परत येणारा करंट थोडा तिकडून पळतो, हिशोब चुकतो आणि ईएलसीबी पडतो. दिवे लावायचीसुद्धा गरज नाही.

मल्टीमीटरला दोष देऊ नका. ओहमवर ठेवला की तो वायरीवर जेमतेम काही व्होल्ट टाकतो, त्यात ओलसर जॉइंट गप्प बसतो. त्यासाठी मेगर लागतो, तो 500 व्होल्ट डीसी टाकून इन्सुलेशन तपासतो. मेगर घरात कोणाकडे नसतो, म्हणून लायसनवाला वायरमन बोलवा आणि तो खालच्या गोष्टी करतो का ते शेजारी उभं राहून बघा.

पहिली गोष्ट सप्लाय तोडणं. मी स्वतः एकदा डीबीवर 'बाग' लिहिलेला एमसीबी (त्या एका लाइनचा स्विच) पाडून बिनधास्त केबल कापायला बसलो होतो, टेस्टर लावायची बुद्धी झाली म्हणून वाचलो, ती केबल दुसऱ्याच एमसीबीवर होती, चिठ्ठी कोणी कधी लावली देव जाणे. तेव्हापासून मेनच बंद, डीबीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, मग कामाच्या वायरीवर, मग परत चालू पॉइंटवर, कारण टेस्टर मधेच मेला असेल तर तो काय सांगणार.

मग डीबीतून त्या केबलचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडायचे, नुसता एमसीबी पाडून भागत नाही. दोन्ही सोडल्यावर ईएलसीबी टिकला तर दोष केबलीतच. पुढे दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबामधला तुकडा एका टोकाला सोडा आणि दोन्ही अर्ध्या भागांना वेगवेगळा मेगर लावा, उगाच अख्खं अंगण उकरू नका. मेगर लावण्याआधी एलईडी फिटिंग सोडून ठेवायची नाहीतर त्यातले ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) उडतात. फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी मोजा, मग फेज-न्यूट्रल आपसात. 1 मेगाओहम ही कमीतकमी हद्द, पण चांगली केबल शेकड्यांत दाखवते, त्यामुळे दीड-दोन आलं तर मी समाधान मानत नाही, पाणी कुठेतरी वाट बघत असतं. मोजून झालं की केबल डिस्चार्ज होऊ द्यायची, लगेच हात लावायचा नाही.

आता तुमचा तो जॉइंट. उघडलात की तांबं काळं पडलेलं किंवा हिरवा थर आलेला दिसेल, आणि तो फक्त जोडावर नसतो, पाणी तारांच्या मधून वीतभर आत चढलेलं असतं. लखलखीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. केबल तोकडी पडली तर मधे तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा, म्हणजे दोन जॉइंट. तारा क्रिंप करून (धातूच्या नळीत घालून दाबून) जमिनीतला रेझिन ओतायचा जॉइंट किट वापरा. काळी टेप जमिनीत चालत नाही, कितीही गुंडाळा. माझं मत विचाराल तर तो तुकडा खांबापासून खांबापर्यंत नवाच पाइपमधून ओढा, जमिनीत जॉइंटच नको.

आणि माती लोटायच्या आधी परत मेगर, आणि अर्थची कंटिन्युइटी, म्हणजे अर्थची तार खांबापर्यंत सलग आहे ना ते. दीड स्क्वेअर एमएम तांब्याची तार मीटरला साधारण 0.012 ओहम, म्हणजे 30 मीटरला 0.36. लोखंडी खांबापाशी याच्या आसपास यायला हवं (मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करून), पाच-दहा ओहम आला तर कुठेतरी अर्थ सैल आहे. मग सप्लाय, ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा. पण ते बटण फक्त ईएलसीबी तपासतं, अर्थिंग नाही.

प्रश्न : बटण बंद केलं तरी बाहेरचा एलईडी मंद पेटलेला राहतो आणि टेस्टरही मिणमिणतो. शॉक बसेल का?

उत्तर : बसेल असं समजूनच वागा. बऱ्याचदा बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये लावलेलं निघतं, म्हणजे दिवा बंद पण होल्डर जिवंत. दुसरं कारण, लांब केबलीत शेजारच्या फेजमुळे चढणारा भूत-व्होल्टेज, तो डिजिटल मीटरवरही दिसतो. दोन टोकांचा, थोडा लोड टाकणारा टेस्टर लावला की तो लगेच पडतो. आधी बटण कुठल्या वायरीत आहे ते तपासा, भुताचं नंतर बघू.

प्रश्न : या भानगडी नकोत म्हणून सगळं 12 व्होल्टवर नेलं तर?

उत्तर : चांगलं आहे, फक्त ट्रान्सफॉर्मर आयसोलेशनवाला (12 व्होल्टची बाजू मेनच्या वायरीला कुठेच न जोडलेला) हवा आणि तो कोरड्या जागी. पण अंतराचा हिशोब करा, 60 वॅटला 12 व्होल्टवर 5 अँपिअर लागतात, 30 मीटर दीड स्क्वेअर एमएममध्ये जाऊन-येऊन साडेतीन व्होल्ट वाटेतच संपतात आणि शेवटचा दिवा काजव्यासारखा लागतो. एकतर जाड केबल टाका नाहीतर ट्रान्सफॉर्मर दिव्यांच्या जवळ न्या.