सीसीएमए परीक्षेची तयारी : सवयीच्या कामामागची कारणे

प्रश्न : मी महाराष्ट्रात डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून काही वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केले. आता न्यू जर्सीत राहते आणि नोकरीचा परवानाही मिळाला आहे. ‘सर्टिफाइड क्लिनिकल मेडिकल असिस्टंट’ म्हणजेच सीसीएमए ही परीक्षा द्यावी असे मनात आहे. रक्त घेण्याचा हात बसलेला असताना नेमका अभ्यास कशाचा करावा?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : दवाखान्यात डॉक्टरांना मदत करणाऱ्या मेडिकल असिस्टंटसाठीची ही परीक्षा अमेरिकेतील नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशन ही संस्था घेते. 3 तासांत 180 प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांपैकी 150 प्रश्नांचेच गुण धरले जातात. निम्म्याहून अधिक भार प्रत्यक्ष रुग्णसेवेवर असल्यामुळे आपला अनुभव निश्चितच कामी येईल. मात्र जे काम आपण सवयीने करता त्यामागचे कारण आपल्याला सांगता आले पाहिजे.

रक्ताच्या ट्यूब भरण्याचा क्रमच पाहा. ब्लड कल्चर (रक्तातील जंतूंची तपासणी) सर्वांत आधी, नंतर फिकट निळे झाकण, मग सीरमच्या (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या) ट्यूब, हिरवे, जांभळे आणि शेवटी करडे. जांभळ्या ट्यूबमधील पोटॅशियमयुक्त ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा अंश सीरमच्या ट्यूबमध्ये गेला, तर पोटॅशियम खोटे वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते, आणि डॉक्टर त्या आकड्यांवर विसंबून उपचार ठरवू शकतात. निळ्या ट्यूबमध्ये 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेट (हेही रक्त गोठू न देणारे रसायन) हे प्रमाण काटेकोरपणे राखावे लागते. म्हणून बटरफ्लाय सुई (बारीक नळी जोडलेली सुई) वापरताना निळी ट्यूब पहिली असेल, तर नळीतली हवा ट्यूबमध्ये शिरून रक्त कमी भरू नये यासाठी आधी एक ट्यूब भरून टाकून द्यावी लागते. नाव व जन्मतारीख रुग्णाच्याच तोंडून वदवून घेणे आणि लेबल त्याच्यासमोरच लावणे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

रक्तदाब व ईसीजी हे विषय लॅबमधून आलेल्यांना नवे वाटतात. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर रक्तदाब जास्त दाखवला जातो. ईसीजीत छातीवर लावायच्या इलेक्ट्रोडांपैकी व्ही-4 ची जागा निश्चित केल्यावरच व्ही-3 लावतात, कारण व्ही-3 हा व्ही-2 आणि व्ही-4 यांच्या मधोमध येतो. असे तपशील हाताने करून पाहिल्याशिवाय पक्के होत नाहीत.

माझ्या मते आपण सर्वाधिक वेळ अधिकाराच्या मर्यादेला द्यावा. आपल्याकडे दवाखान्यातला कंपाउंडरही सहज सल्ला देऊन जातो. अमेरिकेत मात्र ‘गोळी बंद करू का?’ असे रुग्णाने विचारले, तर मेडिकल असिस्टंटने स्वतः उत्तर न देता तो प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोहोचवून त्याची नोंद करायची असते. कोणती कामे करता येतील, हे राज्यागणिक बदलते. 1996 च्या हिपा या अमेरिकी कायद्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय असते, त्यामुळे मराठी मंडळात नेहमी भेटणाऱ्या काकूंचा रिपोर्ट त्यांच्या सुनेलाही परस्पर सांगता येत नाही.

शालेय शिक्षण पूर्ण असण्याबरोबरच मान्य प्रशिक्षण किंवा देखरेखीखालील अनुभव आवश्यक असतो. आपला भारतातील अनुभव त्यात धरला जाईल का, हे संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे. प्रमाणपत्राचे दर 2 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. शुल्क भरण्यापूर्वी आसपासच्या दवाखान्यांच्या जाहिराती अवश्य पाहाव्यात, कारण काही ठिकाणी दुसऱ्या संस्थेचे सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट) प्रमाणपत्र मागितले जाते.